घरच्या वाफ्यातला कोबी

मिक्सर सुरू झाला की तानाबाईंच्या तोंडाला पाणी सुटायचं. भुकेचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते.

पहिल्यांदा पातं कोरडंच खरखरायचं. मग कोबीचा पाला त्यात सापडला की आवाज जड व्हायचा आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून तो वास यायचा. कच्च्या कोबीचा वास तानाबाईंना काही नवा नव्हता. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या बाईला तो कुठून नवा असणार? पण केमो सुरू झाल्यापासून त्यांच्या नाकाला काय झालं होतं कोण जाणे. साबणाला गंजक्या खिळ्यांचा वास यायचा, दुधाला ओल्या पोत्याचा, आणि कोबीच्या रसाला नासक्या अंड्याचा. खालच्या घरात बिबीजान कांदा-खोबरं भाजायला घ्यायची. तो वास एके काळी तानाबाईंना जिना उतरून खाली ओढून न्यायचा. आता तो आला की त्या खिडकी लावून घेत.

"अगं, झालं हं," आतून गणपतराव म्हणायचे. मग घसा खाकरल्याचा आवाज. मग चपलांचा. मग ते हिरवा पेला दोन्ही हातांत धरून समोर उभे राहायचे, आणि तानाबाईंच्या गळ्याकडं बघत राहायचे, घोट खाली उतरतोय की नाही ते.

गणपतराव कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली होती. माणूस असा, की घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेला तरी ते लागलं का बघायला परत यायचा. शर्ट घ्यायचा तर दुकानदाराला विचारायचा, "मला हा बरा दिसेल का हो?" दोन माणसांपुढं बोलायची वेळ आली की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. स्वयंपाकघरात तर त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. चहाची भुकटी कुठल्या डब्यात असते हेही तानाबाईंच्या छातीतली गाठ काढल्यावरच त्यांना कळलं.

ऑपरेशननंतर मात्र ते जुन्या ग्रंथालयात जाऊन बसू लागले. परत यायचे ते झेरॉक्सचे कागद घेऊन. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या सगळ्या एका कुळातल्या भाज्या, हे त्यांनी तानाबाईंना समजावून सांगितलं. या भाज्यांच्या पानात दोन पदार्थ वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्यासारखे असतात. पान कापलं किंवा चावलं की भिंत फुटते, दोघं एकत्र येतात आणि तिसराच पदार्थ तयार होतो. सल्फोराफेन. हा शब्द ते घरी आलेल्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसा सावकाश उच्चारायचे. या पदार्थानं कॅन्सरच्या पेशी रोखल्याचं संशोधकांना दिसलं होतं. पण भाजी शिजवली की त्यातला एक भिडू उष्णतेनं निकामी होतो.

"झाड स्वतःला वाचवायला हे करतं," ते म्हणाले होते. "किडा चावला की लगेच."

"मग मी किडा का?" तानाबाई म्हणाल्या होत्या.

तेव्हा दोघंही हसले होते. ते हसू आता फार जुनं वाटत होतं.

डॉक्टरांनी केमो सुरू करतानाच स्पष्ट सांगितलं होतं, कच्चं काही देऊ नका, या औषधानं अंगातली जंतूंशी लढणारी फौज खाली बसते. गणपतरावांनी मान हलवली होती. पण घरी आल्यावर त्यांनी त्यावर विचार केला, आणि विचार करून करून ते अशा ठिकाणी पोचले, की डॉक्टर बोलले ते मंडईतल्या भाजीबद्दल. फवारलेली, दहा हात लागलेली, कुठल्या पाण्यात धुतलेली कुणास ठाऊक. आपली भाजी आकारामच्या घरच्या वाफ्यातली.

हे तानाबाईंनाही पटलं होतं. वारणानगरजवळच्या त्यांच्या माहेरी ही रीतच होती. बाजाराचं पीक मोठ्या वावरात, त्यावर औषध मारायचं. आणि विहिरीजवळ एक वेगळा वाफा घरच्यांसाठी, त्याला औषधाचा थेंब लावायचा नाही. गावात हे कुणी लपवायचं नाही आणि त्याची कुणाला लाजही वाटायची नाही. विकायचं ते निराळं, पोटात घालायचं ते निराळं. धाकटा भाऊ आकाराम आठवड्याला पोतं भरून भाजी आणून टाकायचा.

तरी रस घशाखाली उतरत नव्हता. त्या पीत होत्या त्याचं कारण सल्फोराफेन नव्हतं. जन्मभर प्रत्येक गोष्टीत कच खाल्लेला हा माणूस या एकाच गोष्टीत ठाम होता, आणि ती त्याच्या हातून काढून घ्यायची कशी, हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून त्या नाक दाबून पेला रिकामा करत.

पण किळस पेल्यात थांबेना. गणपतरावांच्या नखांच्या कडा हिरव्या झाल्या होत्या, त्या दिसल्या की तानाबाई तोंड फिरवत. त्यांच्या सदऱ्याला वास यायचा. ताप बघायला त्यांनी कपाळावर हात ठेवला की तानाबाईंच्या अंगावर शहारा यायचा, पाल पडावी तसा. रस आणण्याआधीचं ते खाकरणं ऐकलं की त्यांना वाटायचं, आता भिंतीला काहीतरी फेकून मारावं. आजाराची भीती वाटायची ती निराळी. ज्या माणसाबरोबर सगळा जन्म काढला त्याचा असा वीट यावा, याची त्यांना जास्त भीती वाटत होती. औषधानं होत असेल, असं त्या स्वतःला सांगत. हे कुणापुढं बोलण्यासारखंही नव्हतं.

त्या रविवारी आकाराम आला तो जिन्यातूनच ओरडत.

"आक्का! हाय का न्हाय जित्ती?"

"हाय की. तुला खांदा दिऊनच जायाचं, म्हणून थांबलोय," तानाबाई आतून म्हणाल्या.

"बघा दाजी, तोंड कसं चालतंय हिचं! केस गेलं, जीभ हाय तशीच हाय." आकारामनं पोतं धाडकन जमिनीवर टाकलं आणि त्यातून एक गड्डा काढून दोन्ही हातांत तोलला. "धरून बघा. पैलवानाची मुंडी धरल्यागत वाटतंय का न्हाय?"

गणपतरावांनी गड्डा घेतला, उलटसुलट करून पाहिला. बुधवारी रक्त तपासायचं होतं आणि आकडे बरे आले तर गुरुवारी पुढचा डोस. डोस वेळेवर पडले पाहिजेत, खंड पडू देऊ नका, असं डॉक्टर दर वेळी बजावत. म्हणून या आठवड्यात तर रस चुकवायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. गड्डा नळाखाली धरून त्यांनी चटकन काढून घेतला.

"धुताय कशाला? औषधाचा थेंब न्हाय त्याला," आकाराम म्हणाला.

"धुतो, पण फार नाही. पाण्याबरोबर काही घटक निघून जातात म्हणे. आणि वरची पानं टाकत नाही मी. त्यांत जास्त असतं, असं वाचलंय. म्हणजे, मला जे कळलं त्यावरून..."

"तुम्ही वाचलंय म्हंजे झालं की! आमी कुठं वाचाय जातोय?"

मिक्सर फिरला. पेला आला. तानाबाईंनी डोळे मिटून अर्धा पेला संपवला आणि बाकीचा अर्धा हातात धरून श्वास घेत बसल्या. जिभेवर गंज चढल्यासारखं वाटत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून, तेवढाच घोट लांबणीवर पडावा म्हणून, त्यांनी विचारलं, "आकाराम, औषध न्हाय म्हंतोस, मग किडा कसा न्हाय रं एक बी? आपल्या येळंला निम्मा गड्डा किडाच खायाचा."

हे विचारलं आणि आकारामची कळी खुलली.

"जीवामृत! आमचा पोरगा सम्राट शिकून आलाय. शेण, गोमूत, गूळ, बेसन, सगळं पिंपात घालायचं आन् आंबवायचं. असं बुडबुडं येत्यात बघ वर, भाताला आधण आल्यागत. वास तर असा सुटतोय, म्हस बी तोंड फिरवून जाती."

"आणि ते मुळाशी घालता," गणपतराव म्हणाले. ते विचारणं होतं.

"मुळाशी बी घालतोय की. पर किड्यासाठी वरनंच वताय लागतंय. तांब्या भरून गड्ड्यावर, पानापानात गेलं पायजे. काल सांजच्याला वतलंय आन् आज पाटंचं तोडलंय. ताजं!"

स्वयंपाकघराच्या दारात गणपतराव उभे होते. हातात मिक्सरचं भांडं. कडेला हिरवा फेस.

"वरून?" ते म्हणाले. "पानांवर?"

"आता काय झालं? शेण म्हंजे काय घाण हाय व्हय, दाजी? आक्का, तू जलमभर सारवलं न्हाईस व्हय?"

"सारवलंय की," तानाबाई म्हणाल्या. "पिलं न्हाय."

आकाराम मांडीवर थाप मारून हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. तानाबाईंनी पेल्यात पाहिलं. हिरव्या पाण्याच्या तळाशी काळपट कण बसले होते. ते कोबीचेच असतील. नसतीलही. त्यांना पिंप दिसलं, वरचा फेस, त्यावर बसलेल्या चिलटांची साय.

गणपतरावांनी भांडं खाली ठेवलं आणि पेला घ्यायला हात पुढं केला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तानाबाईंनी ते पाहिलं, आणि त्यांना पुढचं सगळं दिसलं. पेला नवऱ्यानं काढून घेतला की आकारामला कळणार, काहीतरी चुकलं. मग गावात गोष्ट होणार. दाजी एवढी बुकं वाचून आक्काला शेणकाला पाजतोय. लग्नात, जावळात, पंगतीत, जिथं म्हणून चार माणसं जमतील तिथं ती सांगितली जाणार, आणि हे खाली मान घालून पत्रावळीकडं बघत बसणार. माहेरच्या माणसांपुढं नवऱ्याला लहान होऊ द्यायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या आईनंही तसंच केलं होतं, चुलतीनंही.

त्यांनी पेला मागं ओढला आणि उरलेला रस घटाघट पिऊन टाकला. पानाचा एक बारीक तुकडा जिभेखाली अडकून राहिला.

"बरा हाय कोबी," त्या म्हणाल्या.

आकाराम गेला.

"टाकून द्यायला हवा होता तो," गणपतराव हळूच म्हणाले.

"मग टाकायचा की हातातनं ओढून. वाट कुणाची बघत होता?"

गणपतरावांनी घसा खाकरला. त्यांनी पोतं उचललं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं, मग परत आत आणलं, मग पुन्हा गॅलरीत नेलं. तानाबाई मोरीत जाऊन वाकल्या, पण ओकारी आली नाही. नको तेव्हा यायची, आणि आता हवी होती तर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना थंडी वाजून आली. पोट तर सकाळपासूनच फिरलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांना उभं राहता येईना, तेव्हा गणपतरावांनी बिबीजानला हाक मारली, दोघांनी मिळून त्यांना खाली आणलं आणि रिक्षात घातलं. रिक्षात तानाबाईंनी डोकं नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं नाही, बाहेरच्या कडेला टेकवलं. खांद्याला कोबीचा वास येत होता.

हॉस्पिटलात रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. सलाईनमधून औषध सुरू झालं. गुरुवारचा डोस रद्द. पुढचा कधी, ते आता सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. आधी हे आटोक्यात येऊ दे. हे सांगताना ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तानाबाईंना वाटलं.

सकाळी वॉर्डात सबिना आली. ही तिथली आहारतज्ज्ञ, मुलगी इचलकरंजीची, बोलणं तिकडचंच.

"मावशी, गेल्या चार दिवसांत काय काय पोटात गेलं ते सगळं सांगायचं. डॉक्टरांना औषध ठरवायचंय, तवा लपवाछपवी न्हाय."

"भात," तानाबाई म्हणाल्या. "आमटी. मऊ चपाती दुधात."

"कच्चं काही?"

तानाबाई छताकडं बघत राहिल्या.

"काका?" सबिनानं गणपतरावांकडं पाहिलं. "तुम्ही करताय न्हवं स्वयंपाक? कच्चं काय दिलं?"

गणपतराव उभे राहिले. त्यांनी शेजारच्या खाटेकडं पाहिलं, तिथल्या बाईच्या उशाशी तिची सून बसली होती. त्यांनी घसा खाकरला. तोच आवाज, रस आणण्याआधीचा. तोंड उघडलं. मिटलं. नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली आणि तिथंच राहिली.

तेव्हा मात्र तानाबाईंच्या आतलं सगळं एकदम वर आलं. कोबी नव्हे, शेण नव्हे. हे गप्प उभं राहणं. ह्या गप्प राहण्यापायीच तो पेला त्यांनी संपवला होता.

"रस!" त्या ओरडल्या. आवाज फाटला, पण वॉर्डभर गेला. "कच्च्या कोबीचा, रोजच्या रोज! आन् परवा शेणाच्या पिंपातलं पाणी! हेनी पाजलं आन् मी पिलो, हेंची लाज राखाय! आता बोला की! भिताडाकडं काय बघताय? तुमच्या बोटांचा वास येतोय मला. तुम्ही खाकरला की पोटात ढवळतंय माझ्या. किळस येती मला तुमची, किळस! कळतंय का?"

शेजारची सून फिसकन हसली आणि मग तिनं तोंडावर पदर घेतला. पलीकडं कुणीतरी ट्रान्झिस्टर बारीक केला.

गणपतरावांचे कान लाल झाले नाहीत. पांढरे पडले.

"कच्चं देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं," ते सबिनाला म्हणाले. आवाज लहान होता, पण थरथरत नव्हता. "मी ऐकलं होतं. मला वाटलं, घरचं आहे, त्याला ते लागू नाही. त्यावर शेण-गोमूत्राचं पाणी ओतलेलं होतं. ते मला तिनं अर्धा पेला प्याल्यावर कळलं. मी थांबवू शकलो असतो. नाही थांबवलं."

सबिनानं लिहून घेतलं. लगेच बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगून आली. मग गणपतरावांपुढं स्टूल ओढून बसली.

"काका, तुम्ही वाचलं ते खोटं न्हाय. कोबीत ते असतंय. पर ते बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवर आन् उंदरांवर बघितलेलं. माणसांचं म्हणाल, तर जी वर्षानुवर्षं भाजीपाला खात्यात त्यांच्यात काही कॅन्सर कमी दिसत्यात. ते बी नुसत्या कोबीनंच, असं छातीठोक कोण सांगत न्हाय. आन् ती गोष्ट कॅन्सर व्हायच्या आधीची. झाल्यावर पेलाभर रस प्यायला म्हणून आजार पळून जात न्हाय."

"मग कोबी बंद?"

"कोबी बंद न्हाय, कच्चं बंद! शिजवा आन् द्या. थोडं काय जाईल ते जाऊ दे."

"किती वेळ शिजवायचं?"

सबिनाला हसू आवरेना. "मऊ होईपर्यंत की, काका! काय आता तेचं बी पुस्तक आणू व्हय?"

तानाबाईंनी कूस बदलली. आपण बोललो त्याचं आपल्याला वाईट वाटेल, याची त्या वाट बघत होत्या. वाटलं नाही. पोट दुखत होतं, तोंडाला चव नव्हती, आणि बऱ्याच दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं.

ताप उतरला. त्या घरी आल्या. गॅलरीतलं पोतं दिसेना; गणपतरावांनी ते काय केलं, त्यांनी विचारलं नाही. घरात आता मिक्सर वाजत नव्हता. पण गणपतराव पुन्हा पहिल्यासारखे झाले, पहिल्यापेक्षाही वाईट. मुगाची खिचडी शिजली का बघायला शीत चेपायचे, मग दुसरं चेपायचे, मग दारात येऊन विचारायचे, "पाणी उकळलंय. पण पुन्हा एकदा उकळू का?"

"उकळा," तानाबाई म्हणायच्या. "न्हायतर नका उकळू. तुमचं तुम्ही ठरवा. मला ताप नका देऊ."

रागानं बोलायच्या, पण बोलायच्या. आकारामचा फोन आला तेव्हाही त्यांनी सांगून टाकलं, "तुझं पिंप तुझ्यापाशी ठेव. त्यानंच मी दवाखान्यात गेलतो." पलीकडून आकाराम म्हणाला, "आक्का, आमी तर रोज खातोय की." तानाबाईंनी फोन ठेवला. गावात गोष्ट झाली असेल तर होऊ दे.

आकडे सावकाश वर आले. डोसाला बराच उशीर झाला होता. त्यानं काही बिघडलं का, असं गणपतरावांनी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता पुढचे चुकवू नका म्हणजे झालं. हे उत्तर होतं की नव्हतं, ते दोघांनाही कळलं नाही.

डोसाच्या दिवशी तानाबाई खुर्चीत रेलून बसल्या. नर्सनं शीर शोधली, सुई गेली, बाटलीतून थेंब पडू लागला. गणपतराव शेजारच्या स्टुलावर बसले. थोड्या वेळानं औषधाची ती नेहमीची कडवट हवा तानाबाईंच्या नाकात चढली आणि त्यामागून दुसरा वास आला. एरवी त्यांनी श्वास रोखून धरला असता.

"अहो."

"काय गं? काही हवंय?"

"जरा लांब बसा."

गणपतरावांनी स्वतःचे हात पाहिले. नखं स्वच्छ होती. "वास येतोय? मी तर आता कोबी..."

"कोबीचा न्हाय. तुमचाच येतोय. अंगाचा, कापडाचा. मी तरी काय करू?"

गणपतराव तत्परतेनं उठले. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी नक्की काय करायचं ते सांगितलं होतं. स्टूल घेऊन ते दोन फरश्या मागं सरकले.

"इथं?"

"आनखी मागं."

"इथं?"

"आनखी."

"काका, वाटंत बसू नका, ट्रॉली यायचीय," नर्स म्हणाली.

ते स्टूल उचलून पार दारापाशी गेले. तिथून त्यांनी बाहेर पाहिलं. व्हरांड्यात नातेवाइकांसाठी बाक होता, त्यावर जागाही होती. त्यांनी स्टूल खाली ठेवलं आणि एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"बास," तानाबाई म्हणाल्या. "तिथंच बसा. आता जाऊ नका."

गणपतराव दारात बसले. वास तिथून येत नव्हता, आणि ते दिसत होते.